'बॅलन्स' प्रदर्शन: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, मालवण

वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक. मे महिन्यात चाकरमानी येतात, त्यांची पोरं दुपारभर मोबाइल घेऊन पडवीत लोळतात. त्यांच्यासाठी मागच्या खोलीत काहीतरी मांडू या, असं ठरलं. हात लावायचा, हलवायचं, पाडलं तरी चालेल. विषय मी सुचवला: बॅलन्स. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तराजूंचं प्रदर्शन ना?" तराजू असतीलच. पण हा इंग्रजी शब्द आपल्या बाजारात सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत असतो, रिचार्जवाल्याकडे, टायरवाल्याकडे, पतपेढीत, रंगाऱ्याच्या तोंडात, आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. तो एकच शब्द इतकी कामं कशी करतो, हे वस्तू मांडून दाखवायचं.

पाच हजार मंजूर. खोलीत गेल्या चतुर्थीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या आहेत, त्या आधी हलवायला हव्यात.

९ फेब्रुवारी

दारात पुठ्ठ्याचा खोका ठेवला. वर लिहिलं: 'बॅलन्स हा शब्द घालून एक वाक्य लिहा. मराठी, मालवणी, कायपण चालात.' ग्रंथपाल वहिनींना वाटतंय कुणी टाकणार नाही. मला वाटतं, फुकट पेन ठेवलंय म्हणजे टाकतील.

१८ फेब्रुवारी

खोका भरला. (पेन गेलं.) चिठ्ठ्या टेबलावर पसरून वहिनी आणि मी वेगळ्या करत बसलो. काही जशाच्या तशा:

"माझो बॅलन्स संपलो, तू फोन कर."

"लादी बसवून झाली, कलरचं काम बॅलन्स आहे."

"बॅलन्स पेमेंट चतुर्थीनंतर."

"डॉक्टर सांगतत जेवण बॅलन्स होया, पण माशाशिवाय कसला बॅलन्स?"

"दोन सुनांमधी बॅलन्स ठेवूचो लागता."

"पोरगो सायकलीवर बॅलन्स करूक शिकलो."

ढीग आपोआप तीन पडले. पडू न देणं हा एक, सायकलवाला. दोन बाजू सारख्या ठेवणं हा दुसरा, सासूबाईंचा. तिसरा ढीग सर्वांत मोठा, आणि त्यात तराजूही नाही, सायकलही नाही: उरलेलं. उरलेले पैसे, उरलेलं काम, उरलेलं देणं.

पहिल्या दोन ढिगांचं नातं सरळ आहे. मूळ लॅटिन शब्द 'बिलान्क्स', म्हणजे दोन पारडी असलेला. दोन पारडी समान झाली की दांडी आडवी राहते, तिथून पडणं-न पडणं आलं. पण 'उरलेलं' कुठून आलं? ते आलं वहीतून. युरोपातले व्यापारी खात्याच्या दोन बाजू मांडत, एकीकडे आलेलं, दुसरीकडे गेलेलं. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या संन्यासी गणितज्ञाने ही पद्धत छापून काढली. खातं बंद करताना दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. त्या सहसा येत नाहीत. मग जी बाजू हलकी, तिच्यात फरकाची रक्कम लिहायची, की दोन्हीकडे सारखा आकडा. हलक्या पारड्यात टाकलेलं हे वजन म्हणजे बॅलन्स. आणि तीच रक्कम पुढच्या पानावर पहिल्या ओळीत जाते.

म्हणून हा शब्द दोन्ही तोंडांनी बोलतो. हातात असलेली रक्कम बॅलन्स, द्यायची राहिलेलीही बॅलन्स. आपल्याकडे त्यासाठी शिल्लक आणि बाकी असे दोन वेगळे शब्द होते, आणि कोण कुणाला देणं लागतो याचा घोळ होत नसे. वहिनी पतपेढीत पूर्वी कारकून होत्या. त्या म्हणाल्या, "शिल्लक म्हटलं की बरं वाटतं, बाकी म्हटलं की पोटात गोळा येतो. बॅलन्स म्हटलं की काहीच वाटत नाही, म्हणून लोकांना आवडतो." हे मी भिंतीवर लावणार आहे, त्यांची हरकत असली तरी.

२३ फेब्रुवारी

मुख्य वस्तू ठरली. एक मोठा लाकडी तराजू, पोरांनी बिघडवायचा.

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक म्हणून काढली, त्यात फिजिकल बॅलन्स, म्हणजे प्रयोगशाळेतला नाजूक तराजू, मुलांना देताना एकच सूचना: हात लावू नका. काचेच्या पेटीत, चिमट्याने वजनं उचलायची, श्वासही जपून. त्या यंत्रातली खरी गंमत त्यामुळे कुणाला कळलीच नाही. काट्याच्या मागे एक छोटा नट असतो, वर-खाली फिरणारा. कंपनीतून आला की कुणी तो हलवत नाही. तराजूचा स्वभाव त्या नटात आहे.

२ मार्च

सुतारदादांकडे. फणसाच्या लाकडाची मीटरभर लांब दांडी रंधून ठेवली होती. टेकूला बोल्ट चालणार नाही, घर्षणाने तराजू आंधळा होतो. प्रयोगशाळेतल्या तराजूत तिथे अकीक दगडाची धार असते आणि ती अकिकाच्याच चकतीवर टेकते. गंजत नाही, सहज झिजतही नाही. अकीक आम्हाला परवडणारा नाही. दादांनी जुनी त्रिकोणी कानस काढली, ग्राइंडरवर दात घालवून तीन तुकडे केले. मधल्या तुकड्याची धार खाली, टोकांच्या दोन तुकड्यांची धार वर. टोकांवर कड्या अडकवून त्यात पारडी.

एकच अट: तिन्ही धारा एका सरळ रेषेत. टोकाच्या धारा मधल्या धारेपेक्षा खाली गेल्या तर पारड्यात जितका माल जास्त तितका तराजू सुस्त. वर गेल्या तर जास्त माल टाकताच दांडी उलटी पडते. दादांनी ओळंब्याचा दोरा धारांवरून ताणून बघितला, एका बाजूला पत्र्याची पट्टी सारली, पुन्हा बघितलं. "आता काळजी नाय." पैसे घेतले नाहीत, दाराचं बिजागर वाचनालयाने फुकट बदलून द्यावं, एवढंच. ते बिजागर त्यांनीच बसवलेलं आहे.

८ मार्च

दांडीच्या मध्यातून आटे पाडलेली सळई उभी बसवली, तिच्यावर दोनशे ग्रॅम भरतील असे जाड नट. दांडी, सळई, नट मिळून एक किलोच्या आसपास. आता बघण्यासारखं सुरू झालं.

नट टेकूच्या खाली दहा सेंटिमीटर: गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, टेकूखाली दोन सेंटिमीटर जातो. एका पारड्यात एक ग्रॅम टाकला की दांडीचं टोक सव्वा सेंटिमीटर खाली येतं. नट पाच सेंटिमीटरवर चढवला की मध्य एक सेंटिमीटरवर, आणि त्याच एका ग्रॅमला टोक अडीच सेंटिमीटर झुकतं. अडीचवर चढवला की पाच सेंटिमीटर. गुरुत्वमध्य टेकूला जितका जवळ तितकं तराजूला बारीक दिसतं. पण जवळ आणला की तराजू थांबायलाही तयार नसतो. एक पूर्ण हेलकावा आठ-नऊ सेकंदांचा, मग अकराचा, आणि तो निवेपर्यंत बघणारा माणूस चहा पिऊन येतो. नट टेकूच्या वर नेला की तराजू राहतच नाही. फुंकर मारली तरी दांडी कलंडते.

म्हणजे पक्का तराजू आणि चाणाक्ष तराजू ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि दोघांमधला सौदा त्या नटावर ठरतो. वाण्याचा काटा मुद्दाम मठ्ठ बनवलेला असतो. त्याला दहा गिऱ्हाइकं उभी आहेत, डाळ झटकन मोजून द्यायची आहे, चार ग्रॅम इकडेतिकडे. सोनाराचा काटा तशा घाईने वापरला तर दुकान बंद करावं लागेल. मला या प्रदर्शनात सांगायचं आहे ते इतकंच, बाकी सगळं त्याच्याभोवती मांडायचं.

१३ मार्च

आज होळी. काम नाही. पण एक टिपून ठेवतो: सूर्योदय ते सूर्यास्त आज आमच्याकडे बरोबर बारा तासांच्या जवळपास. विषुवदिन २० तारखेला आहे, पण त्या दिवशी आमचा दिवस रात्रीपेक्षा सहा-सात मिनिटांनी मोठा असतो. सूर्याची वरची कड दिसली की उगवला धरतात, आणि हवेमुळे प्रकाश वाकून तो क्षितिजाखाली असतानाच वर दिसतो. त्यामुळे खरी बरोबरी आठवडाभर आधीच होऊन जाते. तूळ रास तराजूची, आणि पूर्वी सप्टेंबरच्या विषुवाला सूर्य तिच्यात असे. आता तो तेव्हा कन्येच्या तारकांत असतो. भिंतीवर यासाठी जागा मिळेल का बघू.

१९ मार्च

मासळी बाजार. मला जुना दोन पारड्यांचा काटा हवा होता. मिळाले ते सगळे लटकते डिजिटल काटे. एका मावशींकडे तोही नाही, त्या वाट्यावर विकतात. बांगड्याचे, सुरमईच्या तुकड्यांचे, मोरीचे वाटे. मी विचारलं, वजन करत नाही तर भांडण होत नाही? "वाटे मी घालतंय, निवडूचा तुमी. मगे काटो कित्याक होयो?" घालणारा एक आणि उचलणारा दुसरा. मोठा वाटा घातला तर तोच आधी जाणार हे तिला माहीत आहे, म्हणून वाटे सारखे पडतात. मी बघत होतो: शेवटचे दोन बांगडे या वाट्यातून त्या वाट्यात, परत या वाट्यात, आणि मग हात झटकले.

जुना काटा शेवटी काजू बी घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर सापडला. लोखंडी दांडी, पितळी पारडी, शिक्क्याची शिसाची गोळी अजून लोंबते. असा काटा दर चोवीस महिन्यांनी वैधमापन खात्याकडे नेऊन शिक्का मारून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला मुदत बारा महिन्यांची. व्यापाऱ्याने उसना दिला, आणि वर सांगितलं की याच्या दोन भुजा सारख्या नाहीत, "आजोबांच्या वेळचो आसा."

२२ मार्च

तो काटा तपासला. एक भुजा वीस सेंटिमीटर, दुसरी एकवीस. प्रामाणिक एक किलो लांब भुजेच्या पारड्यात ठेवला तर दुसरीकडे १०५० ग्रॅम टाकावे लागतात, उलट ठेवला तर ९५२ ग्रॅम. आजोबा कोणत्या पारड्यात माल घेत आणि कोणत्यात देत, हे विचारलं नाही.

याचा तोडगा मात्र सुंदर आहे आणि जुना आहे. माल दोन्ही पारड्यांत आळीपाळीने तोलायचा, दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. १०५० गुणिले ९५२.४, वर्गमूळ बरोबर १०००. काटा खोटा, उत्तर खरं. गाउस हा जर्मन गणितज्ञ ही रीत वापरी. आणि एक फसवी गोष्ट: दुकानदार म्हणाला, 'काटा वाकडा आहे, म्हणून एक किलो या पारड्यात तोलतो, एक त्या पारड्यात, फिट्टंफाट', तर फिट्टंफाट होत नाही. गिऱ्हाइकाला दोन किलोंवर सव्वादोन-अडीच ग्रॅम जास्त जातात. नुकसान दुकानदाराचं, नेहमीच. पाटी लिहिली: 'दोन किलो काजू इथे घ्या.'

२९ मार्च

चाकांचं टेबल. टायरवाल्याने एक मोडकी रिम आणि मूठभर शिसाच्या क्लिपा दिल्या. रिमच्या कडेला वीस ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी ऐंशीच्या वेगाला तो फरक चाकाला सुमारे दोन किलोच्या जोराने ओढतो, सेकंदाला बारा वेळा, दर फेरीला नवीन दिशेने. स्टिअरिंग थरथरतं ते यामुळे. मुंबई-गोवा रस्त्यावर थरथर कशाची हे ओळखणं कठीण आहे, ती गोष्ट निराळी.

घड्याळवाल्या आबांकडून चावीचं एक घड्याळ उघडं करून घेतलं. आतलं इकडे-तिकडे फिरणारं चाक, त्याचंही नाव बॅलन्स. डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने १६७५ मध्ये त्याला बारीक वळणदार स्प्रिंग जोडली आणि खिशातलं घड्याळ दिवसाला मिनिटांच्या हिशेबात चालू लागलं. आबांच्या भाषेत, "बॅलन्स तुटला म्हणजे घड्याळ संपला." जुनी चावीची घड्याळं तासाला अठरा हजार टिक करतात. पोरांना भिंग देणार.

५ एप्रिल

होडीचा कोपरा. हा मला सर्वांत जास्त हवा होता आणि सर्वांत कमी माहीत होता. दांडी नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या एका जुन्या मच्छीमार काकांना घेऊन होड्यांकडे गेलो. अरुंद होडी, एका बाजूला दोन आडव्या वाशांना बांधलेला लाकडाचा तरंगता ओंडका: उलांडी. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बघणाऱ्याला वाटतं ही एका अंगाला पडेल. होडी उलांडीच्या बाजूला झुकली की ओंडका पाण्यात दबतो आणि पाणी त्याला वर ढकलतं. उलट बाजूला झुकली की ओंडका हवेत उठतो आणि त्याचं वजन होडीला परत खाली ओढतं. एकच ओंडका दोन्ही बाजूंची राखण करतो, एकदा तरंगून, एकदा जड होऊन. काका म्हणाले, "हलकी झाली तर वर येता, जड झाली तर होडी तिच्याच अंगान झुकता." म्हणून ओंडक्याचं लाकूड आणि वाशांची लांबी ठरवण्यात त्यांच्या आज्याने अर्धं आयुष्य घालवलं, असं तेच सांगतात.

मी विचारलं, उलांडी आणखी लांब ठेवली तर आणखी पक्की नाही का होणार? होते, म्हणाले, पण मग लाट आली की होडी उसळून परत येते, उभं राहून जाळं सोडता येत नाही, माणूस बाहेर फेकला जातो. मोठ्या जहाजांतही हेच: रुंद, बुडाला भार जास्त घातलेलं जहाज झटक्याने सरळ होतं आणि आतल्यांच्या पोटातलं बाहेर काढतं, थोडं सैल जहाज सावकाश डुलतं, पण जास्त झुकतं. माझा नट इथे पाण्यावर तरंगत होता! काकांना फणसाच्या दांडीबद्दल सांगितलं, ते बघायला येणार आहेत.

परत येताना रापण ओढत होते. जाळं होडीने अर्धवर्तुळात टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन टोळ्या ओढत-ओढत एकमेकींकडे सरकतात. एक टोळी पुढे गेली की जाळ्याचं पोट फिरतं. म्हणून ओरडणारा एक माणूस मध्ये असतो. तो ओढत नाही. त्याचा फोटो काढून ठेवला.

१२ एप्रिल

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचा आग्रह: 'निसर्गाचा समतोल' नावाचा फलक हवाच. झाड, वाघ, हरीण, बाण काढलेले. मी नको म्हटलं. समतोल म्हणजे सगळं जागच्या जागी उभं, असं त्या चित्रातून पोरांना वाटतं. त्याऐवजी माशांची खरी गोष्ट लावू या. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी थंडावली. उम्बेर्तो द'आन्कोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने त्रिएस्ते, फ्युमे आणि व्हेनिसच्या बाजारांचे आकडे तपासले, तर त्या वर्षांत मुशी-वागळ्यांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं. जाळी कमी झाली की सगळेच मासे सारखे वाढायला हवेत, शिकारीच का? त्याने व्होल्तेरा या गणितज्ञाला विचारलं. १९२६ मध्ये व्होल्तेराने समीकरणं मांडली: शिकार वाढली की शिकारी वाढतात, शिकारी वाढले की शिकार घटते, मग शिकारी उपाशी मरतात, पुन्हा शिकार वाढते. दोन्ही आकडे कधी थांबतच नाहीत, एकमेकांमागे फिरत राहतात. आणि दोघांनाही सारखं मारणारं जाळं बंद केलं की सरासरी शिकाऱ्याच्या बाजूने सरकते. लोटका या शास्त्रज्ञाने अमेरिकेत तीच समीकरणं स्वतंत्रपणे काढली होती.

सदस्य म्हणाले, 'पण यात बोध काय?' बोध नाही, म्हटलं, मुशी आहे. १ जूनपासून यांत्रिक नौकांची बंदी असते तेव्हा लोक हे वाचतील. फलक मंजूर, एक वाघ मात्र कोपऱ्यात ठेवावा लागला.

१९ एप्रिल

वजनांचं टेबल. माणसांनी आणलेल्या वस्तू: लाकडी पायली, पितळी अधोली, दोन चांदीचे राणीछाप रुपये. पूर्वी रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि ८० तोळ्यांचा शेर. घरात वजनं नसली तर रुपये टाकून शेर मोजत. ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी. मेट्रिक वजनं १९५८ पासून आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली, तरी सोनाराकडचा तोळा मेला नाही. तो फक्त दहा ग्रॅमचा झाला.

एका पोरीने कुंपणावरच्या गुंजा आणल्या. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. शाळेने उसन्या दिलेल्या फिजिकल बॅलन्सवर ९६ मोजून टाकल्या. तोळ्याला ग्रॅमभर कमी भरल्या. तिने सगळ्यांत गोल-गोल निवडून पुन्हा केलं, तेव्हा बरंच जवळ गेलं. सोनार कोणत्या गुंजा निवडत असेल, हा तिचा प्रश्न, माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं आणि लिहून ठेवलं. गुंजेच्या बियांत अब्रिन हे जबर विष असतं, म्हणून प्रदर्शनात त्या बाटलीत सीलबंद. बाटलीवर लाल अक्षरं.

शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा. पारडी एकमेकांशी तुलना करतात, पृथ्वीची ओढ दोन्हीकडे सारखीच कापली जाते. इलेक्ट्रॉनिक काटा स्प्रिंगसारखा ओढ मोजतो. इथे मोजलेला किलो आंबोलीला, सुमारे ६९० मीटर वर नेला, तर तोच काटा एक-दोन दशांश ग्रॅम कमी दाखवायला हवा. आपल्या काट्याला पाच ग्रॅमच्या आतलं कळत नाही, त्यामुळे आंबोलीची सहल रद्द.

किलोचं मूळ माप पॅरिसजवळच्या सेव्रमध्ये ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावरून नाही, प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या आकड्यावरून होते, आणि तो वजनाशी जोडायचं यंत्र पुन्हा तराजूच: एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला विजेच्या वेटोळ्याची ओढ. ब्रायन किबल या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुचवलं, म्हणून किबल बॅलन्स. एवढ्या मोठ्या गोष्टीला एक पानाचा फलक पुरे.

२७ एप्रिल

हिशेब. वहिनींच्या रोजमेळात नव्वद रुपयांचा फरक. त्यांनी बिलं न चाळता आधी नव्वदला नऊने भागलं. भाग गेला. "दोन आकडे उलटे पडलेत कुठेतरी, असल्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो." पाच मिनिटांत सापडलं: हार्डवेअरच्या बिलावर ५४०, चिठ्ठीवर उतरवताना दुकानातल्या पोराने ४५०. ही युक्ती तिसऱ्या ढिगाच्या टेबलावर मांडायची: खोटा रोजमेळ, पोरांनी चूक शोधायची. आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक, आणि हलक्या बाजूला लिहिलेला आकडा लाल शाईत. मंजूर पाच हजारांतले ६१० उरले आहेत.

४ मे

उद्घाटन. नारळ, दोन भाषणं. दुसरं भाषण बॅलन्स नव्हतं.

९ मे

गर्दी फणसाच्या दांडीजवळ. मी ठेवलेलं कार्ड कुणी वाचत नाही, नट थेट सगळ्यात वर. दांडी धाडकन. मग खाली. मुंबईची एक मुलगी, आठवी-नववीतली, नट टेकूच्या अगदी खाली आणून बसली आणि एक काजू बी अशी हळू ठेवली की आवाज नाही. दांडी झुकली ती थांबेचना. ती वाट बघत राहिली, भाऊ ओढत होता, "चल ना ताई." मग तिने पारड्याखाली हाताने वारा घातला आणि दांडी पुन्हा हलली. "हिला वारापण समजतो." पंखा बंद करायला लावला. आता त्या खोलीत मे महिन्यात पंखा बंद असतो आणि लोक घामाघूम होऊन तराजूकडे बघत बसतात. वहिनी माझ्याशी त्या दिवसापासून कमी बोलतात.

मच्छीमार काका आले. नट तीन ठिकाणी लावून बघितला, मधलं निवडलं. "ही माझी होडी," म्हणाले.

१७ मे

व्यापारी आपल्या आजोबांचा काटा बघायला आला. 'दोन किलो काजू इथे घ्या' ची पाटी वाचली, शांतपणे भुजा मोजल्या, आणि हिशेब मान्य नाही म्हणाला. पोरांनी त्याला दोनदा तोलून दाखवलं. अडीच ग्रॅम जवळ-जवळ दिसले. "आजोबा दोनदा तोलायचे नाहीत," म्हणून हसला. काटा प्रदर्शन संपेपर्यंत राहील.

चिठ्ठ्यांचा खोका परत दारात आहे. नवी एक: "ऑफिस आणि घर यात बॅलन्स ठेवायला सांगतात, ऑफिसवाले."

२६ मे

मोसमी पाऊस मे संपायच्या आतच आला. भिंतीला ओल, फलक फुगले, प्रदर्शन आवरलं. फिजिकल बॅलन्स शाळेला पोचवला, पेटीत सिलिका जेलच्या नव्या पुड्या घालून. किनाऱ्यावरच्या हवेत पितळी वजनं महिन्यात काळी पडतात, म्हणून तीही पुसून. आजोबांचा काटा पोचता. रिम टायरवाल्याने परत नको म्हणून सांगितलं.

फणसाच्या दांडीच्या मधल्या धारेवर गंजाचे ठिपके आलेत, कानशीचं पोलाद आहे, येणारच. दादा नवा तुकडा घासून देणार आहेत, यावेळी धार किंचित बोथट, म्हणजे टिकेल. शेजारच्या दोन गावांच्या वाचनालयांनी दांडी मागितली आहे. पहिल्या गावाला जूनमध्ये शाळा उघडल्यावर, सळई-नट वेगळे बांधून, गुंजांची बाटली वगळून. ६१० रुपयांत टेम्पोचं भाडं बसतं.